हक्क तुमचा, नोटीस कंपनीला

प्रश्न थोडक्यात असा. सांगली जिल्ह्यातले एक गृहस्थ ऊस आणि साखर कारखानदारीवर मराठीत व्हिडिओ करतात. थकलेल्या ऊसबिलांवरचा त्यांचा एक व्हिडिओ एका रात्रीत भारतात दिसेनासा झाला. न्यू जर्सीतल्या मावसभावाला मात्र तो अजून दिसतो. कंपनीचा दोन ओळींचा मेल आला की कायदेशीर मागणीमुळे हा मजकूर भारतात दाखवता येणार नाही. मागणी कोणाची, कोणत्या कलमाखाली, कोणत्या वाक्याला हरकत, यातलं काहीही त्यात नाही. ते विचारतात: एवढी मोठी अमेरिकन कंपनी आपल्याकडच्या एका पत्राला भिते कशी? आणि मी आता काय करायचं?

मी मुंबईत वकिली करते. सुरुवातीची सहा वर्षं एका परदेशी प्लॅटफॉर्मच्या कायदा विभागात होते. सरकारकडून, पोलिसांकडून, कोर्टांकडून येणाऱ्या अशाच मागण्या वाचायच्या आणि त्यांवर काय करायचं ते ठरवायचं, हे काम. गेली दहा वर्षं ज्यांचा मजकूर हटवला जातो त्यांच्या बाजूने उभी राहते. दोन्हीकडून पाहिल्यावर मला या साऱ्या व्यवस्थेतली एकच गाठ महत्त्वाची वाटते, ती आधी सांगते. बोलण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेने तुम्हाला दिलं आहे, परदेशी कंपनीला नाही. पण मजकूर हटवण्याचा आदेश कंपनीला जातो, तुम्हाला नाही. ज्याच्याकडे हक्क आहे त्याला आदेश माहीत नसतो आणि जिला आदेश माहीत असतो तिच्याकडे तो हक्क नसतो. तुमचा व्हिडिओ याच फटीत पडला आहे.

आता तुमच्या मेलकडे वळू. त्या दोन ओळींतूनही बरंच कळतं. व्हिडिओ जगभरातून गेला असता तर कंपनीने स्वतःचे नियम लावले असं म्हणता आलं असतं, किंवा कोणीतरी कॉपीराइटची तक्रार केली असं. अमेरिकेत दिसतो आणि इथे दिसत नाही, याचा अर्थ कंपनीच्या स्वतःच्या नियमांत तो बसतो, फक्त भारतीय कायद्याखाली मागणी आली म्हणून भारतापुरता झाकला. देशाच्या सीमेपुरतं झाकायची ही पद्धत जुनी आहे. २००० साली पॅरिसच्या न्यायालयाने याहूला सांगितलं की नाझी वस्तूंचे लिलाव फ्रान्समधल्या लोकांना दिसता कामा नयेत. इंटरनेटला सीमा नसते, असं कंपनी म्हणत होती. तज्ज्ञांनी न्यायालयाला सांगितलं की वापरणारा कोणत्या देशातून आला आहे ते बहुतेक वेळा ओळखता येतं. पुढे कंपन्यांनी हीच वाट धरली, कारण त्यात एका देशाचा कायदा पाळला जातो आणि बाकीचं जग तसंच राहतं.

भारतापुरता मजकूर झाकायला लावण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली न्यायालयाची. एखाद्या कारखान्याने बदनामीचा दावा लावला आणि अंतरिम मनाई मिळवली, तर तुम्ही तिथे हजर नसतानाही ती लागू होते. प्रतिवादी अनोळखी असला की आपल्याकडे त्याला ‘अशोक कुमार’ म्हणायची रीत आहे. तुम्हीच कुठल्या तरी दाव्यातले अशोक कुमार असाल आणि तुम्हाला पत्ताही नसेल, हे अगदी शक्य आहे.

दुसरी वाट माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ ची. केंद्र सरकार या कलमाखाली ब्लॉकिंगचा आदेश काढतं. त्याची कारणं कायद्यात मोजून दिली आहेत: देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि या संदर्भातल्या दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी. बदनामी त्यात नाही. कारखान्याच्या अध्यक्षांना राग आला, हेही नाही. २००९ च्या नियमांनी यासाठी समिती, लेखी कारणं, सुनावणी आणि नंतर फेरतपासणी अशी पायरी घालून दिली आहे. पण त्याच नियमांतला १६ वा नियम सांगतो की मागणी, तक्रार आणि त्यावरची कारवाई गुप्त ठेवायची. तुमच्या मेलमध्ये काही लिहिलेलं नाही, त्यामागे हा १६ वा नियम असू शकतो. मंत्रालयाने दिलेल्या आकड्यांनुसार या कलमाखाली २०१४ मध्ये ४७१ दुवे बंद झाले होते, २०२० मध्ये ९,८४९. आदेश गुप्त असल्यामुळे त्यातले किती रास्त आणि किती नाहीत, हे बाहेरच्या कोणालाच तपासता येत नाही.

तिसरी वाट त्याच कायद्याच्या कलम ७९(३)(ब) ची. सध्या सगळ्यात वर्दळीची वाट हीच, आणि तुमच्या बाबतीत माझा संशयही हिच्यावरच आहे. ती समजायला वीस वर्षं मागे जावं लागेल.

डिसेंबर २००४. बाजी डॉट कॉम ही लिलावाची वेबसाइट, तेव्हा ईबे कंपनीच्या मालकीची झालेली. एका विक्रेत्याने तिच्यावर अश्लील चित्रफीत विकायला ठेवली. कंपनीने ती काढली, तरीही दिल्ली पोलिसांनी कंपनीचे प्रमुख अवनीश बजाज यांना अटक केली. ‘दुसऱ्याने टाकलेल्या वस्तूसाठी मला तुरुंग’, ही गोष्ट परदेशी कंपन्यांच्या मुख्यालयांत वाऱ्यासारखी पोचली. अमेरिकेत १९९६ पासून कायदा होता की लोकांनी लिहिलेल्यासाठी प्लॅटफॉर्मला जबाबदार धरायचं नाही. पुढे २००८ च्या दुरुस्तीने आपल्याकडेही कलम ७९ नव्याने लिहिलं गेलं. त्याचं सूत्र असं: कंपनी ही मध्यस्थ आहे, लोकांच्या मजकुराची जबाबदारी तिच्यावर नाही, पण ‘प्रत्यक्ष जाणीव’ करून दिल्यावर तिने तो काढला नाही तर हे संरक्षण गेलं. २०११ च्या नियमांत कारवाईसाठी ३६ तास दिले होते, आणि जाणीव करून द्यायला कोणाचीही तक्रार पुरत होती.

त्या काळात मी कंपनीच्या खुर्चीवर होते. रात्री पावणेअकराला तक्ता येई: साठ दुवे, पुढे ‘आक्षेपार्ह’ एवढाच शेरा. प्रत्येक दुवा उघडून वाचायचा तर दोन दिवस हवेत, आणि हातात दीड. मग मनात हिशेब होतो. रास्त मजकूर चुकून काढला तर काय होईल? बहुधा काहीच नाही, लिहिणारा एक मेल पाठवून थकेल. बेकायदा मजकूर चुकून ठेवला तर? खटला, संरक्षण गेलं, इथल्या माणसावर गुन्हा. हा हिशेब मांडायला माणूस भित्रा असावा लागत नाही. मी स्वतः त्या दिवसांत असे दुवे काढायला लावले आहेत जे आज मी कोर्टात उभी राहून परत मागेन. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

२४ मार्च २०१५ ला यात बदल झाला, आणि त्याचं मूळ आपल्या पालघरात आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. ते वाचून दिल्लीची तरुण विद्यार्थिनी श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेली. न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ लिहिणं गुन्हा ठरवणारं कलम ६६-अ रद्द केलं, हे सगळ्यांना आठवतं. त्याच निकालात कलम ७९ बद्दलही एक गोष्ट ठरली, ती मात्र फारशी कोणाला माहीत नसते: ‘प्रत्यक्ष जाणीव’ म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना, आणि तीही घटनेच्या कलम १९(२) मधल्या, म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्यावर बंधन घालू देणाऱ्या, कारणांसाठीच. कोणाच्याही तक्रारीवर मजकूर काढायची सक्ती संपली. त्या दुपारी आमच्या विभागात सगळे निकालाची पानं पुन्हा पुन्हा वाचत होते. मागण्यांचा ढीग तोच होता, पण ‘कोर्टाचा आदेश आणा’ असं म्हणायला पहिल्यांदा जागा मिळाली होती.

ती जागा पुढे अरुंद होत गेली. २५ फेब्रुवारी २०२१ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली नवे नियम आले. ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या कंपनीने भारतात राहणारा मुख्य अनुपालन अधिकारी नेमायचा, पोलिसांसाठी चोवीस तास उपलब्ध असा नोडल अधिकारी नेमायचा, तक्रार अधिकारी नेमायचा. यातला मुख्य अनुपालन अधिकारी कळीचा. कंपनीने नियम पाळले नाहीत तर खटल्याला तोंड द्यायची जबाबदारी त्याच्यावर व्यक्तिशः येते. कॅलिफोर्नियातल्या कायदा विभागाने कितीही ठाम भूमिका घेतली, तरी तिची किंमत गुरुग्राममध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, मुलं शाळेत असलेल्या एका माणसाने मोजायची असते. ‘कंपनी भिते कशी?’ या तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. कंपनी भीत नाही, तो माणूस भितो, आणि कंपनीला त्याला वाऱ्यावर सोडता येत नाही.

ट्विटरचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. शेतकरी आंदोलनाच्या काळात, फेब्रुवारी २०२१ मध्ये, सरकारच्या आदेशावरून त्यांनी शेकडो खाती भारतात झाकली, काही तासांत परत उघडली, आणि दंडात्मक कारवाईची नोटीस आल्यावर बरीचशी पुन्हा झाकली. मे महिन्यात दिल्ली पोलीस त्यांच्या कार्यालयांत गेले. जूनमध्ये गाझियाबादच्या एका व्हिडिओवरून गुन्हा दाखल झाला आणि कंपनीच्या भारतातल्या प्रमुखाला पोलिसांनी बोलावलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याला संरक्षण दिलं. २०२२ मध्ये कंपनी ६९-अ खालच्या आदेशांविरुद्ध त्याच न्यायालयात गेली. ३० जून २०२३ ला याचिका फेटाळली गेली, वर ५० लाख रुपयांचा खर्च बसला.

स्थानिक माणूस हाताशी ठेवायची ही युक्ती फक्त आपलीच नाही. रशियाने २०२१ मध्ये मोठ्या परदेशी कंपन्यांना देशात कार्यालय उघडण्याची सक्ती केली. त्याच वर्षी सप्टेंबरात, संसदेच्या मतदानाच्या पहिल्या दिवशी, अ‍ॅपल आणि गूगल यांनी विरोधी नेते नवाल्नी यांच्या समर्थकांचं मतदान-मार्गदर्शक अ‍ॅप आपल्या दुकानातून काढलं, कारण तिथल्या कर्मचाऱ्यांवर खटले भरण्याची धमकी होती. तुर्कस्तानच्या २०२० च्या कायद्यात प्रतिनिधी न नेमणाऱ्या कंपनीची गती टप्प्याटप्प्याने ९० टक्क्यांपर्यंत तोडायची तरतूद आहे. ब्राझीलमध्ये ऑगस्ट २०२४ च्या शेवटी न्या. अलेक्झांद्रे द मोराएस यांनी संपूर्ण एक्स (म्हणजे पूर्वीचं ट्विटर) बंद केलं. तातडीचं कारण हेच, की कंपनीने देशात कायदेशीर प्रतिनिधी ठेवला नव्हता. महिनाभराहून जास्त काळ गेल्यावर दंड भरून, प्रतिनिधी नेमून ते परत सुरू झालं. रशियातलं दडपण आणि ब्राझीलच्या न्यायालयाचा उघड, कारणांसह दिलेला आदेश एका पारड्यात तोलायचे नाहीत, हे मी मुद्दाम सांगते. पण दोन्हीकडे हातात आलेलं हत्यार तेच होतं.

निघून जाणं हा मार्ग कंपन्यांना फार क्वचित परवडतो. गूगलने २०१० मध्ये चीनमधलं शोध-इंजिन हाँगकाँगला हलवलं, ते आजही उदाहरण म्हणून सांगितलं जातं, कारण तसं करणारे विरळाच. आपल्याकडे एप्रिल २०२२ मध्ये ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवण्याचे निर्देश आल्यावर काही व्हीपीएन कंपन्यांनी, म्हणजे इंटरनेट वापरणाऱ्याचं ठिकाण झाकणाऱ्या कंपन्यांनी, इथले सर्व्हर उचलले. त्या छोट्या कंपन्या, त्यांचा इथे फारसा पसारा नव्हता. भारतासारखी बाजारपेठ असलेली मोठी कंपनी तुमच्या एका व्हिडिओसाठी निघून जाणार नाही, आणि तिने तसं करावं असं मीही म्हणणार नाही.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगते, कारण माझ्या बाजूचे अनेकजण ती बोलत नाहीत. मला नियमन नको आहे असं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मंगळवेढ्याकडची गरीब माणसं, भिक्षा मागायला आलेली. अफवा फोनवरून फिरत होत्या. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. सरकारने, पत्रकारांनी, लोकांनी रेटा लावला नसता तर ती कधी आली असती कोण जाणे. परदेशी कंपनी स्वतःहून आपल्या पाड्यावरच्या माणसाची काळजी करेल, या भरवशावर बसणं मला मान्य नाही.

प्रश्न नियम कोणत्या जातीचा आहे याचा आहे. जर्मनीने २०१७ मध्ये कायदा केला, उघड बेकायदा मजकुरासाठी २४ तास, दंड ५ कोटी युरोंपर्यंत, आणि तिथेही हीच टीका झाली की कंपन्या घाबरून जास्तीचं काढतील. त्यातून युरोप थोडं शिकला. आता तिथे जो डिजिटल सेवांचा कायदा आहे त्याच्या १७ व्या कलमात लिहिलं आहे की मजकूर झाकला तर टाकणाऱ्याला कारणं द्यायची: कोणत्या कायद्याखाली, कोणत्या मजकुरामुळे, आणि दाद कुठे मागायची. दंड जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत. त्या कायद्याला स्वतःच्या अडचणी आहेत, तरी हे एक कलम आपल्याकडे असतं तर तुमचा मेल दोन ओळींचा नसता.

आपल्या २०२१ च्या नियमांतही अशी तरतूद आहे, पण अर्धीच. कंपनीने आपणहून, स्वतःच्या नियमांखाली काढलं तर तिने आधी तुम्हाला कारणं कळवायची, असं चौथ्या नियमात आहे. सरकारच्या मागणीवरून काढलं तर तसं बंधन नाही. जिथे कारणाची गरज सगळ्यात जास्त, तिथेच ती गाळली आहे.

आता तिसऱ्या वाटेवर परत येते. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे केंद्राचं ‘सहयोग’ नावाचं पोर्टल चालू आहे. वेगवेगळ्या खात्यांचे आणि राज्यांच्या पोलिसांचे अधिकारी त्यावरून थेट कंपनीला कलम ७९(३)(ब) खाली नोटीस पाठवतात. ६९-अ ची समिती, सुनावणी, मोजून दिलेली कारणं, यातलं काही त्या वाटेवर नाही. एक्सने याला मार्च २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिलं. २४ सप्टेंबर २०२५ ला न्या. नागप्रसन्ना यांनी याचिका फेटाळली, आणि त्यातलं एक कारण तुम्ही वहीत लिहून ठेवावं असं आहे: कलम १९ चं स्वातंत्र्य भारतीय नागरिकांना आहे, परदेशी कंपनीला ते मागता येत नाही. पुढच्याच महिन्यात नियम बदलून असं केलं की अशी सूचना सहसचिव दर्जाच्या, आणि पोलिसांत उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच, कारणं आणि कलम नमूद करून द्यायची. ही सुधारणा मी चांगलीच मानते. पण फेब्रुवारी २०२६ मध्ये ३६ तासांची मुदत ३ तासांवर आणली गेली. दीड दिवसात साठ दुवे वाचून होत नव्हते, हे मी माझ्या अनुभवावरून सांगितलंच. तीन तासांत कोणी वाचणार नाही, फक्त बटण दाबलं जाईल.

त्यातून आपली भाषा मराठी. एका अशिलाच्या चॅनेलवर कारखान्याच्या निवडणुकीचा वृत्तांत होता, शीर्षकात ‘सत्ताधारी चारी मुंड्या चीत’. एका प्लॅटफॉर्मच्या यंत्राने ‘मुंड्या’ पकडल्या आणि शिरच्छेदाची भाषा म्हणून व्हिडिओ खाली घेतला. अपील वाचणारा माणूस परराज्यातला, त्याला कुस्तीचा आखाडा कसा कळावा? तीन आठवडे गेले, तोवर निवडणुकीचा विषय शिळा झाला होता. ‘धुव्वा उडवला’, ‘कंबरडं मोडलं’, ‘पाणी पाजलं’ ही आपली रोजची बोली आहे, आणि ती न कळणारा कोणी घड्याळाकडे बघत निर्णय घेत असेल तर तो काढण्याच्याच बाजूने झुकेल. इंग्रजीत लिहिणाऱ्याला निदान वाचणारा तरी मिळतो.

मग नागरिकाने काय करायचं? हक्क नागरिकाचा आहे, म्हणून नागरिकानेच जायचं. ज्या लढाया जिंकल्या गेल्या त्या तपासून पाहा. ६६-अ रद्द केलं ते एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर. डिजिटल बातम्यांना आचारसंहिता सक्तीची करणाऱ्या, २०२१ च्याच नियमांतल्या नवव्या नियमाच्या मुख्य भागाला १४ ऑगस्ट २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, तेव्हा याचिकाकर्त्यांत पत्रकार निखिल वागळे होते. केंद्राविषयीची माहिती खोटी आहे की नाही हे केंद्राच्याच कक्षाने ठरवायचं, हा २०२३ चा नियमही मुंबईतच पडला. विनोदकार कुणाल कामरा, संपादकांची संघटना एडिटर्स गिल्ड आणि इतरांच्या याचिकेवर न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मतं जानेवारी २०२४ मध्ये विभागली गेली, आणि २० सप्टेंबर २०२४ ला तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी तो नियम घटनाबाह्य ठरवला. त्या नियमाचा बोजा ज्यांच्यावर पडणार होता त्या मोठ्या परदेशी कंपन्या याचिकाकर्त्यांत नव्हत्या.

गुप्ततेची भिंतही फुटते, हे सांगायला एक उदाहरण पुरे. हुंड्यावर उपरोधिक टीका करणारी एक वेबसाइट २०१८ मध्ये भारतात बंद केली गेली. ती चालवणाऱ्या तनुल ठाकूर यांना कारण सांगितलं नाही, माहिती अधिकारात १६ व्या नियमाकडे बोट दाखवलं. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना आदेशाची प्रत आणि सुनावणी द्यायला लावली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, मजकूर टाकणारा ओळखता येत असेल तर त्याला नोटीस द्यायला हवी असं प्राथमिक मत सुनावणीत व्यक्त करून केंद्राला नोटीस काढली. तुम्ही तर स्वतःच्या नावाने, चेहरा दाखवून बोलता. तुम्हाला ओळखता येत नव्हतं असं कोणी म्हणू शकत नाही.

तर आता कामाचं. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याचं नाव आणि पत्ता कंपनीच्या भारतातल्या पानावर असतो, तो ठेवायची सक्ती आहे. ‘माझा व्हिडिओ परत द्या’ एवढंच लिहू नका. नेमकं विचारा: न्यायालयाचा आदेश आहे का, असल्यास न्यायालय आणि दावा क्रमांक, ६९-अ आहे की ७९(३)(ब), सूचना देणाऱ्या अधिकाऱ्याचं पद, तारीख, आणि व्हिडिओच्या कोणत्या मिनिटाला हरकत आहे. काही कंपन्या एवढं विचारल्यावर निदान वाट कोणती ते सांगतात, आणि दाव्याचा क्रमांक मिळाला तर मनाई उठवण्यासाठी त्याच न्यायालयात अर्ज करता येतो. उत्तर मिळालं की तीस दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. समिती केंद्रानेच नेमलेली आहे, त्यामुळे केंद्राच्या आदेशाविरुद्ध तिच्याकडून मी फार आशा ठेवत नाही. तरी अपील करा, म्हणजे पुढे ‘उपलब्ध मार्ग वापरला नाही’ असं कोणी म्हणणार नाही. सोबत माहिती अधिकाराचे दोन अर्ज टाका, एक केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला, दुसरा जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाला. नकार आला तर तोही कागदच आहे.

त्यानंतर घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. यासाठी तुम्हाला आता मुंबईला खेटे घालावे लागणार नाहीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू आहे आणि सांगली जिल्हा त्याच्या कक्षेत येतो. याचिकेत कंपनीला प्रतिवादी करा, पण मागणी सरकारविरुद्ध करा: आदेशाची प्रत द्या, कारणं द्या, मला ऐका. व्हिडिओ खरा आहे हे सिद्ध करायची वेळ आली तर ऊसबिलाच्या पावत्या, वजनकाट्याच्या चिठ्ठ्या, साखर आयुक्तांकडे केलेले अर्ज, ज्या शेतकऱ्यांशी बोललात त्यांची लेखी संमती हे लागेल. खळ्यातल्या पत्र्याच्या पेटीत पडलेल्या पावत्यांचे आजच फोटो काढून ठेवा.

आणि तोच व्हिडिओ दुसऱ्या खात्यावरून पुन्हा टाकायची घाई करू नका, मित्र कितीही आग्रह करोत. खातंच बंद झालं तर मूळ तारीख, प्रेक्षकसंख्या, टिप्पण्या, हा सगळा पुरावा जाईल. मूळ फाइल फोनमधून काढून दोन ठिकाणी ठेवा. मावसभावाला सांगा, तिथे दिसणाऱ्या पानाचा पूर्ण स्क्रीन रेकॉर्ड करून, तारीख आणि वेळ दिसेल अशा रीतीने, तुम्हाला पाठवायला. ते रेकॉर्डिंग आणि तो दोन ओळींचा मेल घेऊनच वकिलाकडे जा.